घोषणाबाई चटईवर आडव्या होतात

बसस्थानकावरच्या घोषणाबाई निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली होती. तरी दुकानात त्यांनी काही मागायला तोंड उघडलं की शेजारचं गिऱ्हाईक अजून मान वळवून बघत असे. आवाज कुठेतरी ऐकलेला, चेहरा मात्र अनोळखी. सगळी हयात बाईंनी एका काचेच्या खोलीत माइकपुढे काढली. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली, कोणती उशिरा येते आहे, कोणाचं मूल चौकशीच्या खिडकीपाशी रडत उभं आहे, हे त्या सांगत. शहरातल्या निम्म्या माणसांना त्यांनी कुठे ना कुठे रवाना केलं होतं, आणि त्यातल्या क्वचितच कोणाशी दोन शब्द बोलल्या असतील.

लग्नाचं राहूनच गेलं. आधी धाकट्या बहिणीचं होऊ दे म्हणून, मग आई अंथरुणाला खिळली म्हणून, आणि पुढे कोणी विषयच काढला नाही म्हणून. आई गेली, बहीणही गेली. उरला बहिणीचा मुलगा, तो दुसऱ्या शहरात. बाई तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहत. स्वयंपाकघरात रेडिओ होता. सकाळी डोळा उघडल्यापासून अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत तो चालू असे. ऐकायचा म्हणून नव्हे. त्यांच्या कामात शांतता म्हणजे काहीतरी बिघडलं असंच समजायचं. माइक बंद पडला, नाहीतर गाडी आली नाही, नाहीतर आपलं सांगायचं राहिलं. इतकी वर्षं कान टवकारून काढल्यावर घरातल्या शांततेचीही त्यांना धास्ती वाटे. आपण काहीतरी विसरलो आहोत आणि कुठेतरी कोणाची तरी गाडी चुकते आहे, असं वाटत राही.

मधुमेह नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आला आणि न बोलावलेल्या पाहुण्यासारखा पाय पसरून राहिला. बाई गोळ्या वेळेवर घेत, गोडाला हात लावत नसत. तरी साखर आपली वरच. मग डोळ्यांनी दगा दिला. उजवा आधीपासून अधू, आता डाव्यात मोतीबिंदू वाढला. सगळं धुरकट काचेतून बघितल्यासारखं दिसायला लागलं. एके दिवशी मूठ समजून त्यांनी तापलेली किटलीच धरली. हात चांगलाच पोळला. ही गोष्ट त्यांनी फोनवर भाच्याला सांगितली, आणि सांगून झाल्यावर जीभ चावली.

“मावशी, आता पुरे झालं,” भाचा म्हणाला. “इकडे ये. हॉलमध्ये पडदा लावून तुझी सोय करतो. टीव्ही आहे, मुलं आहेत, करमेल तुला.”

“ऑपरेशन झालं की दिसायला लागेल रे.”

“ऑपरेशन, ऑपरेशन! कधीपासून ऐकतोय. साखर उतरल्याशिवाय सर्जन हात लावत नाही, आणि तुझी साखर काही उतरत नाही. हे बघ, मुलांच्या सुट्टीपर्यंत झालं तर ठीक. नाहीतर सुट्टीत येतो आणि तुला उचलूनच आणतो. खोल्या सोडून देऊ.”

भाचा वाईट नव्हता. त्याला खरंच काळजी होती, हे बाईंनाही कळत होतं. पण पडद्यामागची ती खाट त्यांनी डोळ्यांपुढे आणून पाहिली. पडद्याच्या त्या बाजूला सगळं घर बोलतंय, हसतंय, भांडतंय, आणि ह्या बाजूला आपण. त्यापेक्षा काचेची खोली परवडली. ह्या दोन खोल्यांत बोलायला कोणी नव्हतं हे खरं, पण अंधारातसुद्धा मिठाचा डबा कुठे आहे ते हाताला ठाऊक होतं. त्या सोडायच्या नाहीत, एवढं एकच बाईंनी मनाशी धरलं. त्यासाठी डोळा हवा, आणि डोळ्यासाठी साखर उतरायला हवी.

मधुमेहाच्या डॉक्टर वयाने लहान, बोलायला मोकळ्या. त्यांनी एक गोळी वाढवली, रोजचं चालणं सांगितलं, आणि मग बाईंकडे जरा निरखून बघत विचारलं, “हे खांदे कायम असे कानाला टेकलेले असतात का हो?”

बाईंनी खांदे खाली केले. बोलता बोलता ते पुन्हा वर गेले.

“माणूस सतत धास्तावलेलं असलं,” डॉक्टर म्हणाल्या, “की शरीराला वाटतं, आता पळायचं आहे. पळायला ताकद हवी, म्हणून ते रक्तात साखर सोडतं. तुम्ही पळत तर नाही, खुर्चीत बसलेल्या असता. मग ती साखर राहते तिथेच. आता असं नका समजू की अंग सैल सोडलं की गोळ्या सुटतील. गोळ्या त्या गोळ्याच. पण त्यांना थोडी मदत होते. गुरुवारी वरच्या हॉलमध्ये आमच्या सिस्टर वर्ग घेतात. जाऊन तर बघा.”

वरच्या हॉलमध्ये भिंतीकडेने चटया अंथरलेल्या असत. येणारी मंडळी सगळी साखरवालीच. एक शिंपीणबाई होत्या, काही निवृत्त कारकून होते, आणि एक टायरवाले होते. टायरवाले अंगाने दांडगे, नखांत कायमचं काळं बसलेलं. घरातून रागावून पाठवल्यासारखे यायचे आणि दारातच म्हणायचे, “चला, पंक्चर झालेले सगळे जमले का?”

सिस्टर हातातल्या कागदावरून वाचत. एक डोळा कागदावर, एक घड्याळावर, कारण खाली इंजेक्शनवाले खोळंबलेले.

“पोटावर हात ठेवा श्वास घ्या पोट वर येऊ द्या आता सोडा. पायाची बोटं घट्ट आवळा आणि सैल… कोणाचा मोबाइल वाजतोय? बंद करा… आणि सैल सोडा. आता एखादी शांत जागा डोळ्यांपुढे आणा. आणली? आता पोटऱ्या.”

सगळे बिचारे सिस्टरच्या मागे धावत होते. बाईंच्या जिवाची मात्र घालमेल होत होती. श्वास कुठे घ्यायचा आणि वाक्य कुठे तोडायचं हे ज्यांना झोपेतही कळे, त्यांना हे वाचन म्हणजे घासागणिक दाताखाली खडा. त्यात ती शांत जागा. बाईंना एकच जागा नीट माहीत होती, आणि बसस्थानक शांत झालं म्हणजे एकतर संप, नाहीतर अपघात. काही गुरुवार त्यांनी दात आवळून काढले. मग एकदा राहवलं नाही.

“सिस्टर, राग मानू नका. पण ‘सोडा’ म्हटल्यावर जरा थांबायला हवं. माणसाला सोडायला वेळ लागतो.”

“आजी, खाली माझी शंभर कामं पडलीत. तुम्हीच घ्या ना मग वर्ग.”

“आजी नका म्हणू,” बाई म्हणाल्या. “घेते.”

कागद वाचण्याइतकं दिसत नव्हतं. सिस्टरकडून त्यांनी तो वाचून घेतला आणि पाठ केला. पुढच्या गुरुवारी खुर्ची ओढून बसल्या, घसा साफ केला, आणि इतक्या वर्षांनी तो आवाज पुन्हा बाहेर पडला. घाई नाही, ओढून ताणून गोडवा नाही. ‘श्वास घ्या’ म्हणाल्या तेव्हा सगळ्या हॉलने श्वास घेतला. ‘सोडा’ म्हणाल्या आणि थांबल्या. पायाची बोटं, पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, कपाळ, एकेक करून आवळायला लावलं आणि एकेक करून सोडवलं. कपाळापर्यंत पोचायच्या आधीच टायरवाले घोरायला लागले होते. शिंपीणबाई तर अशा निजल्या की त्यांना उठवायला सिस्टरला यावं लागलं.

“तुम्ही त्या फलाटावरच्या घोषणाबाई ना?” टायरवाले डोळे चोळत म्हणाले. “तरी म्हटलं, हा आवाज कुठला! अहो, ह्या आवाजावर आम्ही बोचकी घेऊन धावलोय. झोप लागायची ही पहिलीच वेळ.”

सगळे हसले. बाईसुद्धा हसल्या. आपलं बोलणं ऐकणाऱ्या माणसांचे चेहरे इतक्या जवळून त्या प्रथमच बघत होत्या. चेहरे धुरकट दिसत होते, पण होते.

पुढे गुरुवार म्हणजे बाईंचाच झाला. त्या आदल्या दिवसापासून मनात वाक्यं घोळवत. कुठे किती थांबायचं, खोकला आला तर काय, बाहेर गाडीचा भोंगा वाजला तर कसं सावरायचं. मंडळी येत, निजत, ताजीतवानी होऊन उठत. शिंपीणबाईंची उपाशीपोटीची साखर खाली आली, त्यांनी बाईंचे दोन्ही हात धरून तसं सांगितलं. मग कोणाची सून न्यायला येई, कोणाचा नवरा खाली गाडी घेऊन उभा असे. हॉल रिकामा होई. बाई चटया गुंडाळून भिंतीला लावत, पायऱ्या चाचपत उतरत आणि घरी येऊन रेडिओ लावत.

तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी झाली. डॉक्टरांनी कागद बघितला आणि पुन्हा वरून वाचायला घेतला. त्याचा अर्थ बाईंना लगेच कळला.

“उतरली नाही?”

“जवळजवळ जिथल्या तिथे. गोळी वाढवूनसुद्धा. चालता ना रोज? आणि ते अंग सैल सोडायचं?”

“अहो, एक गुरुवार चुकवलेला नाही. मीच तर घेते वर्ग. सगळ्यांना इतका फरक पडलाय…”

“सगळ्यांना पडलाय, खरंय. तुम्ही आडव्या कधी होता?”

बाईंनी एकेक गुरुवार आठवून पाहिला. त्या एकदाही आडव्या झाल्या नव्हत्या. सगळ्यांची अंगं सोडवताना त्या खुर्चीत ताठ बसून, कान टवकारून, पुढच्या वाक्यावर नजर ठेवून होत्या. जशा काचेच्या खोलीत असत तशाच. त्यांनी विश्रांती घेतलीच नव्हती. त्या कामावर जात होत्या.

“घरी करा रोज,” डॉक्टर म्हणाल्या. “सर्जनना मी सांगते, थोडी वाट बघा म्हणून. पण फार नाही थांबता येणार, मोतीबिंदू पिकून कडक झाला तर ऑपरेशन अवघड होतं.”

आणि तिकडे भाच्याच्या मुलांची सुट्टीही थांबणार नव्हती.

बाईंनी घरी करून पाहिलं. रेडिओ बंद केला, अंथरुणावर पडल्या, पोटावर हात ठेवला. श्वास घेतला. सोडला. सोडल्यावर जी क्षणभराची शांतता येते, नेमकी तिथेच त्यांची छाती दचकायची. काहीतरी सांगायचं राहिलं! खांदे वर. मग शेजारच्या मुलीकडून मोबाइलमध्ये स्वतःचाच आवाज भरून घेतला आणि तो लावून पडल्या. तर ऐकताना सगळं लक्ष चुकांकडे. इथे सूर घसरला. इथे ‘पोटऱ्या’ फार तोडून म्हटलं. शिवाय रिकाम्या खोलीत आपलाच आवाज आपल्यालाच ‘तुम्ही आता अगदी निवांत आहात’ म्हणून सांगतोय, हे ऐकून त्यांना इतकं एकटं वाटलं की त्यांनी मोबाइल उशीखाली सारला आणि रेडिओ लावला.

पुढच्या गुरुवारी त्या हॉलमध्ये गेल्या त्या खुर्चीकडे वळल्याच नाहीत. एका चटईपाशी उभ्या राहिल्या.

“मला आज आडवं व्हायचंय,” त्या म्हणाल्या. “डॉक्टरांनी सांगितलंय. कोणीतरी दुसऱ्यानं वाचा.”

सिस्टर खाली अडकल्या होत्या. कारकून मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. शिंपीणबाई म्हणाल्या, “माझा चष्मा घरी राहिला बाई.” शेवटी टायरवाल्यांनी कागद उचलला.

“देतो वाचून. पण हवा गेली तर मला बोलायचं नाही.”

बाई चटईवर आडव्या झाल्या. जमिनीवरून छत फारच उंच वाटत होतं. त्यांना कसंतरीच झालं, चारचौघांत पाय लांब करून पडलेल्या त्या कधी कोणाला दिसल्या नव्हत्या. त्यांनी साडी पायांवर सारखी केली आणि डोळे मिटले.

“हां. तर पोटावर हात ठेवायचा,” टायरवाल्यांनी सुरुवात केली. आवाज खरखरीत, कानस घासल्यासारखा. “श्वास घ्या. भरा, भरा, पण फुटेस्तोवर नको. बास. आता सोडा. एकदम नाही हो! व्हॉल्व्ह जरासा दाबून सोडतात ना, तसं. फुस्स… चालू द्या.”

कोणीतरी खुदकन हसलं. बाईंच्या मनात लाल शाई चालूच होती. इथे थांबायला हवं होतं. हे वाक्य उलटं म्हटलं. ‘फुस्स’ कागदात नाही.

“पायाची बोटं आवळा. घट्ट. अजून. आवळलीत का सगळ्यांनी? मला काय कळतंय म्हणा. बरं, सोडा. आता पोट… नाही, थांबा, पोटऱ्या. पोटऱ्या आधी.”

पोटऱ्या झाल्या, मांड्या झाल्या. मग आवाज थांबला. टायरवाल्यांना पुढची ओळ सापडत नव्हती. कागद उलटसुलट केल्याची सळसळ ऐकू आली. हॉलमध्ये शांतता पसरली. ती वाढत गेली.

बाईंचं सगळं अंग ताठ झालं. पुढचं वाक्य त्यांच्या जिभेवर उभं होतं: ‘आता मुठी आवळा’. एवढं म्हटलं की झालं. सगळी हयात त्यांनी हेच केलं होतं, शांतता पडली की भरून काढायची. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. आणि कोण जाणे का, म्हटलं नाही. त्यांनी वाट पाहिली. काय होईल? कोणी ओरडलं नाही. कोणाची गाडी चुकली नाही. शेजारच्या चटईवर शिंपीणबाई संथ श्वास घेत होत्या. सांगायचं काम आज त्यांचं नव्हतं. सापडली ओळ तर सापडली, नाही तर नाही. बाईंना आपला श्वास बाहेर जाताना ऐकू आला, लांबलचक, कुठल्यातरी जुन्या ओझ्याखालून निघाल्यासारखा. त्याच्या शेवटी जी रिकामी जागा आली तिथे त्या दचकल्या नाहीत.

“हां, सापडलं! मुठी,” टायरवाले म्हणाले. ते बाईंनी ऐकलं. त्यापुढचं ऐकलं नाही.

जाग आली तेव्हा हॉल रिकामा होता आणि टायरवाले एकटेच चटया गुंडाळत होते.

“उठवायचं नाही का कोणी!” बाई धडपडत उठून बसल्या.

“कशाला? अशा घोरत होता, आम्हाला वाटलं आता ह्याच वर्ग घेतायत.”

त्यानंतर बाई दर गुरुवारी चटईवर पडू लागल्या आणि खुर्ची पाळीपाळीने कोणाकोणाकडे जाऊ लागली. घरीही रोज सकाळी, चालून आल्यावर, रेडिओ लावायच्या आधी त्या अंथरुणावर पडत. काही दिवस जमे, काही दिवस अजिबात जमत नसे. शांतता आवडायला लागली असं काही झालं नाही. फक्त तिच्याशी थोडा वेळ एका खोलीत बसता येऊ लागलं.

साखर उतरली. एकदम नाही, पण सर्जन हात लावतील इतकी उतरली. “ह्यात गोळ्यांचं किती, चालण्याचं किती आणि चटईचं किती, ते मला सांगता येणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “तिन्ही चालू ठेवा.” सुट्टी लागायच्या आतल्या मंगळवारची तारीख मिळाली. डोळ्यांच्या दवाखान्यात खिडकीतल्या कारकुनाने नाव लिहून घेतलं आणि विचारलं, “सोबत कोण?”

“लागतंच का कोणी?”

“लागतं तर! डोळ्यावर पट्टी असणार, घरी कशा जाल? सोबत माणूस नसेल तर आम्ही घेत नाही.”

“विचारून सांगते,” बाई म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी फोन हातात घेतला. भाचा एका शब्दावर आला असता. पण येताना टेम्पोच सांगून आला असता, आणि पट्टी सुटायच्या आत ह्या खोल्यांना कुलूप लागलं असतं. बाईंनी फोन खाली ठेवला. दुसरं कोण? शेजारची मुलगी परीक्षेत गुंतलेली. शिंपीणबाई स्वतःच सुनेच्या हाताला धरून येणार. बाईंनी आयुष्यभर हजारोंना सूचना दिल्या होत्या, विनंत्याही केल्या होत्या. पण कोणा एका माणसाच्या समोर उभं राहून ‘माझ्यासाठी एवढं करता का’ असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. न विचारलेल्याला नकार येत नाही, ह्या हिशेबावर त्यांचं सगळं निभावलं होतं.

सकाळी त्या टायरच्या दुकानापाशी गेल्या. फुटपाथवर टायरांची उतरंड, मधे एक ट्रकचं चाक आडवं, आणि त्यावर टायरवाले ओणवे. कॉम्प्रेसर धडधडत होता. बाई टायरांच्या आडोशाला उभ्या राहिल्या. परत जावं असं त्यांना वाटत होतं. तेवढ्यात टायरवाल्यांनी वर पाहिलं.

“अरे! घोषणाबाई? काय झालं, गुरुवार बदलला की काय?”

“मंगळवारी माझ्या डोळ्याचं…” बाई म्हणाल्या.

“काय? ऐकू येत नाही!”

“डोळ्याचं ऑपरेशन आहे. सोबत कोणीतरी लागतं म्हणे.”

“जोरात बोला हो! सगळं स्थानक हलवायच्या तुम्ही, आणि आता काय झालं?”

खांदे वर गेलेले बाईंना जाणवले. त्यांनी श्वास घेतला, सोडला, आणि कॉम्प्रेसरच्या वर आवाज काढून म्हणाल्या, “माझं कोणी नाही इथे. तुम्ही याल का माझ्याबरोबर?”

समोरच्या दुकानातला माणूससुद्धा वळून बघायला लागला. टायरवाल्यांनी हात लांब करून कॉम्प्रेसर बंद केला.

“वर्गात एकदा सांगितलंत तो भाचा आहे ना तुमचा?”

“आहे. तो आला तर मला घेऊनच जाईल.”

टायरवाल्यांनी फडक्याला हात पुसले. ते पुसून पुसून काळेच राहिले.

“मंगळवारी किती वाजता?”

“सकाळी आठला. दुकान उघडायची वेळ असते तुमची…”

“पोरगा उघडेल. त्यालाही कळू दे बाप काय करतो ते.” फडकं खांद्यावर टाकत ते म्हणाले, “पण एक सांगतो, मला तिथे बसवून ठेवलं तर मी झोपणार. तुम्ही बाहेर आलात की हाक मारायची. मारता येईल ना?”

“येईल,” बाई म्हणाल्या.

एवढ्यात एक रिक्षा येऊन थांबली, मागचं चाक बसलेलं. टायरवाले तिकडे वळले. बाईंचं काम झालं होतं. आता निघायला हवं होतं, पण पाय हलेनात. घरी जाऊन काय करायचं ते आठवेना. रिक्षाखाली जॅक सरकवता सरकवता टायरवाल्यांनी मागे न बघता पायाने एक स्टूल बाईंच्या दिशेने ढकललं. बाईंनी ते हाताने चाचपलं आणि त्यावर बसल्या.